आयरिश सोडा ब्रेड: न मळता भाजायचा पाव

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी सोडा ब्रेड करायला घेतला आणि सवयीने तो मळला. कणीक जेवढी तिंबावी तेवढी पोळी मऊ, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की पुढ्यातल्या कृतीत ‘मळू नये’ असं लिहिलेलं असूनही मी मनगटाचा जोर लावून दहा मिनिटं गोळा तिंबला. वर ओलं फडकं टाकून अर्धा तास मुरायलाही ठेवला. ओव्हनमधून बाहेर आली ती वीट. शेजारच्या आजी सहज डोकावल्या, त्यांनी त्या विटेवर टिचकी मारली आणि काही न बोलता बाह्या वर सरसावल्या. पीठ चाळण्यापासून गोळा ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यात पिठाला प्रत्यक्ष हात लागला तो जेमतेम अर्धं मिनिट.

जिन्नस चारच: पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही, लोणीही पिठात जात नाही. ते वरून लावायचं. करायला सोपा आहे. आपल्याकडच्या माणसाला त्यात एकच गोष्ट जड जाते, ती म्हणजे हात आवरणं.

यीस्ट का नाही

आयर्लंडची हवा थंड आणि दमट. तिथे पिकणारा गहू मऊ जातीचा, प्रथिनं कमी असलेला. यीस्टचा पाव फुगायला पिठात ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांचं, चिवट जाळं लागतं, कारण यीस्ट वायू सोडतं ते सावकाश, आणि तो तासन्‌तास धरून ठेवावा लागतो. या गव्हाच्या पिठाला ते झेपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खायचा सोडा तिकडच्या दुकानांत मिळू लागला, आणि लोणी काढल्यावर उरलेलं आंबट ताक शेतकऱ्यांच्या घरात होतंच. ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड तिथल्या तिथे सुटायला लागतो. कमजोर पिठाला तो फक्त काही मिनिटं धरायचा असतो. तेवढ्यात आच लागते आणि फुगलेला पाव तसाच घट्ट होतो.

या पावाची छापील स्वरूपात सापडणारी एक जुनी कृती १८३६ सालची आहे. काउंटी डाउनमधल्या ‘न्यूरी टेलिग्राफ’ या वर्तमानपत्रात आलेली ती कृती लंडनच्या ‘फार्मर्स मॅगझिन’ने पुन्हा छापली. दीड पौंड गव्हाचं पीठ, मीठ, सोडा आणि चांगलं आंबट ताक. लिहिणाऱ्याचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: गोळा हाताळता येईल इतपत मऊ हवा, आणि जितका मऊ तितका बरा. मग तो सपाट भांड्यात ठेवायचा, वर धातूचं झाकण, खालून बेताची आच, आणि वीस मिनिटांनी झाकणावर रसरशीत निखारे.

झाकणावर निखारे वाचून कोकणातल्या वाचकांना तवसाचं धोंडस आठवलं असेल. युक्ती तीच आहे. आयर्लंडच्या साध्या घरांत ओव्हन नव्हता, चूल होती आणि चुलीत टर्फ जळायचं. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेले पीटचे, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचे, तुकडे. त्या विस्तवावर टांगलेलं बिडाचं जाड भांडं म्हणजे बास्टिबल. त्यात पाव, झाकणावर निखारे, म्हणजे आच खालून आणि वरून दोन्हीकडून. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावरच्या रोगाने देश उद्ध्वस्त केला. सुमारे दहा लाख माणसं गेली, साधारण तेवढीच देश सोडून गेली. नुसत्या बटाट्यावर जगण्याचे दिवस सरले आणि पुढच्या दशकांत हा पाव घरोघरी रोजचा झाला.

ताकाचं काय करायचं

भारतात हा पाव बिघडतो तो बहुतेक वेळा ताकाने, म्हणून इथे जरा थांबते.

जुन्या आयरिश घरातलं ताक म्हणजे आंबवलेली साय घुसळून लोणी वर आलं की खाली राहतं ते. आपण घरी सायीच्या दह्याचं लोणी काढतो तेव्हा उरणारं ताक त्याचं सख्खं भावंड. आज आयर्लंडच्या दुकानात मिळणारं ताक मात्र कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून बनवतात. ते दाट असतं, ओतताना पेल्याच्या कडेला चिकटून राहतं, आणि आंबट असतं. आपल्या जेवणातलं ताक हे दह्यात दुप्पट-तिप्पट पाणी घालून केलेलं. ते या पावात घातलं तर आम्ल कमी पडतं आणि पाणी जास्त होतं. पाव फुगत नाही आणि चिकट राहतो.

घरच्या घरी असं करा. एक-दोन दिवसांचं आंबट दही २७५ ग्रॅम घ्या, त्यात गार पाणी १५० मिलिलिटर घालून रवीने किंवा फेटणीने एकजीव करा. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरून राहील इतपत दाट हवं. कालच रात्री लावलेलं गोड दही असेल तर त्यात लिंबाचा रस एक मोठा चमचा घाला. दही चक्क्यासारखं घट्ट असेल तर पाणी थोडं वाढवावं लागेल. पाकिटातलं मसाला ताक चालणार नाही. जिरं-हिंगाचा पाव तुम्हाला आवडूही शकेल, पण त्यात मीठ आणि पाणी किती आहे याचा अंदाज लागत नाही.

दही अजिबात नसेल तर ४०० मिलिलिटर दुधात दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा. दूध नासल्यासारखं दिसेल, दिसू द्या. फुगण्यापुरतं काम होतं, चव मात्र सपक येते. मी हा उपाय फक्त अडीनडीला करते.

लोणी काढल्यावरचं ताक वापरणार असाल तर लोणी जमवायला ओतलेलं बर्फाचं पाणी आधी लक्षात घ्या. ते बेताने घातलं असेल तर ताक सरळ पावाला घेता येतं. आमच्याकडे रविवारी लोणी काढतात आणि म्हणून पावही रविवारीच होतो.

पीठ

पांढऱ्या पावाला साधा मैदा. आयर्लंडमध्ये तुम्ही असाल तर ‘क्रीम फ्लॉर’ किंवा ‘प्लेन फ्लॉर’ असं लिहिलेली पिशवी घ्या; ‘स्ट्राँग’ लिहिलेली पिशवी यीस्टच्या पावाची, ती इथे नको. ‘सेल्फ रेझिंग’मध्ये फुगवणारे घटक आधीच असतात, तीही टाळा. उत्तर आयर्लंडमध्ये खास ‘सोडा ब्रेड फ्लॉर’ मिळतं, त्यात सोडा मिसळलेलाच असतो. ते घेतलंत तर वरून सोडा आणि मीठ घालायचं की नाही हे पिशवी वाचून ठरवा.

तपकिरी पाव म्हणजे आयर्लंडच्या दक्षिणेत ‘ब्राउन ब्रेड’, उत्तरेत ‘व्हीटन’. त्याला तिकडे कोंड्यासकट जाडसर दळलेलं पीठ लागतं. आपली पोळीची कणीक त्या जागी तशीच घातली तर फसगत होते. कणीक फार बारीक दळलेली असते, गिरणीच्या जात्यात तिच्यातला स्टार्च जास्त भरडला जातो, त्यामुळे ती पाणी भरपूर पिते. शिवाय पोळीचा गहू चिवट असतो. अर्धा मैदा, अर्धी कणीक हे प्रमाण मला पटलं. त्यात कणीक चाळून चाळणीत उरलेला कोंडा मूठभर घाला, म्हणजे तो खरखरीत आयरिश पोत बराचसा येतो. सांगली-साताऱ्याकडचा खपली गहू मिळत असेल तर तो जाडसर दळून आणा. खपलीचं ग्लुटेन मुळातच कमजोर, आणि इथे आपल्याला तेच हवंय.

माप

एका पावाला, म्हणजे चार-पाच माणसांना:

मैदा ४५० ग्रॅम
खायचा सोडा १ सपाट माप-चमचा (५ ग्रॅम)
बारीक मीठ १ सपाट माप-चमचा
दाट ताक ३५० ते ४०० मिलिलिटर

तपकिरी पावाला मैदा २०० ग्रॅम, कणीक २०० ग्रॅम, कोंडा ५० ग्रॅम, सोडा-मीठ तेवढंच, ताक ४०० ते ४४० मिलिलिटर.

माप-चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा. घरातला चहाचा चमचा कधी ३ मिलिलिटरचा निघतो, कधी ७चा. पिठात दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले तर पाव माफ करतो, सोड्यात दोन ग्रॅम झाले तर करत नाही. सपाट म्हणजे चमच्यावर सुरीची पाठ फिरवून वरचा ढीग काढलेला.

सोडा म्हणजे खायचा सोडा, भज्यांत चिमूटभर घालतो तो. आयर्लंडमध्ये त्याला ‘ब्रेड सोडा’ म्हणतात. बेकिंग पावडर वेगळी, इनो वेगळं. दोन्हींत आम्ल आधीच मिसळलेलं असतं आणि मग ताकातलं आम्ल नुसतंच उरतं. डबी जुनी असेल तर चमचाभर सोड्यावर लिंबू पिळून बघा. फसफसून वर आला पाहिजे. नुसते दोन-चार बुडबुडे आले तर ती डबी सिंक घासायला वापरा.

करायची पद्धत

सगळ्यात आधी ओव्हन चालू करा, २३० अंश सेल्सिअसवर. भिजवल्यानंतर ओव्हन तापायची वाट पाहणं म्हणजे सोड्याचा वायू हवेत सोडून देणं. छोटा ओटीजी असेल तर दोन्ही कांड्या चालू ठेवून वीस मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे आतला पत्रा तापला असं नसतं. ट्रेवर मैदा भुरभुरवून बाजूला ठेवा, तूप-तेल लावायची गरज नाही.

सोडा तळहातावर घ्या आणि चमच्याच्या पाठीने चोळून त्यातल्या गाठी मोडा. आजींनी मला दाखवलेली ही पहिली गोष्ट. एक गाठ राहिली तरी पावात तिथे पिवळट-तपकिरी ठिपका पडतो आणि तो घास कडू लागतो. मग मैदा, मीठ, सोडा एकत्र चाळा, पसरट परातीत किंवा रुंद भांड्यात. खोल पातेलं नको, हात फिरायला जागा लागते. तपकिरी पावाचा कोंडा चाळून झाल्यावर वरून मिसळा.

मधोमध आळं करा. ताकातलं पन्नासेक मिलिलिटर मागे ठेवून बाकी सगळं एकदम आळ्यात ओता. इथे आपल्या सवयीची दुसरी परीक्षा. कणीक भिजवताना आपण पाणी लागेल तसं थोडंथोडं घालतो. इथे तसं केलं की प्रत्येक वेळी पीठ पुन्हा ढवळावं लागतं, आणि प्रत्येक ढवळण्याने ते चिवट होतं.

आता एक हात. एकच, दुसऱ्याने परात धरा. बोटं फाकवून ताठ करा, वाघाच्या पंजासारखी, आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला मोठी गोल वर्तुळं काढत पीठ ताकात ओढून घ्या. दाबायचं नाही, पिळायचं नाही, मूठ वळायची नाही. दहा-बारा फेऱ्यांत पीठ ओलं होतं. तळाशी कोरडं पीठ दिसलं तर मागे ठेवलेलं ताक तिथेच शिंपडा आणि अजून दोन फेऱ्या. गोळा खडबडीत, भोकाभोकांचा, ओबडधोबड दिसला पाहिजे. गुळगुळीत दिसायला लागला म्हणजे उशीर झाला. किती मऊ? पोळीच्या कणकेपेक्षा खूप सैल, भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट. थालीपिठाचं भिजवलेलं पीठ डोळ्यांसमोर आणा. त्याहून किंचित सैल चालेल.

हात धुऊन कोरडे करा. हे सांगायचं कारण म्हणजे चिकट हाताला चिकट गोळा लागतो, मग आपण पीठ लावत बसतो, आणि पाव कोरडा होतो. पोळपाटावर किंवा ओट्यावर मैदा भुरभुरवून गोळा त्यावर घ्या, कडा हलकेच आत सारून गोल करा, उलटा करा, आणि वरून तळहाताने थापटून साधारण ४ सेंटिमीटर जाड ठेवा. भाकरी थापताना हाताला जे हलकेपण येतं तेच इथे हवं. ज्यांना भाकरी थापता येते त्यांचा सोडा ब्रेड पोळीवाल्यांपेक्षा चांगला होतो, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

गोळा ट्रेवर ठेवून धारदार सुरीने वर फुली मारा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि चांगली खोल, गोळ्याच्या निम्म्याहून जास्त खाली जाईल अशी. मग फुलीने झालेल्या चारही भागांत सुरीचं टोक एकेकदा टोचा. यातून घरातल्या पऱ्या बाहेर जातात, नाहीतर त्या पावाला नजर लावतात, असं सांगतात. कोणी म्हणतं क्रुसाची खूण. दोन्ही खरं मानायला माझी हरकत नाही, पण खोल फुलीचं रोकडं काम वेगळं आहे: जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत आच पोचते, वरचं कवच वाटेल तिथे न तडकता फुलीवरच उमलतं, आणि पाव हाताने चार तुकड्यांत मोडता येतो.

ताबडतोब ओव्हनमध्ये. २३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० अंशांवर आणून आणखी २५ ते ३० मिनिटं. पहिल्या मोठ्या आचेत पाव उसळून वर येतो, नंतरच्या बेताच्या आचेत आतपर्यंत भाजतो. ओटीजीत वरची कांडी जवळ असते. विसाव्या मिनिटाला वर काळपट दिसायला लागलं तर अॅल्युमिनियमची फॉइल नुसती टेकवा, गुंडाळू नका. फार लहान ओटीजी असेल तर ३०० ग्रॅम मैद्याचा पाव करा: सोडा पाऊण चमच्याला थोडा कमी, मीठ तेवढंच, ताक २४० ते २६० मिलिलिटर, आणि एकूण वेळ ३५ मिनिटांच्या आसपास.

झाला का ते पाहायला पाव फडक्यात धरून उलटा करा आणि बुडावर बोटाने वाजवा. रिकाम्या डब्यासारखा पोकळ आवाज आला पाहिजे. बद्द वाजला तर उलटाच ठेवून पाच मिनिटं आणखी. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंश.

बाहेर काढला की जाळीवर. ताटात ठेवलात तर बुडाला घाम सुटून ते ओलं होतं. कडक कवच आवडत असेल तर उघडा ठेवा, मऊ हवं असेल तर गरम असतानाच स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळा. आणि थांबा, निदान चाळीस मिनिटं. गरम कापला की आतला भाग सुरीला लगदा होऊन चिकटतो आणि मग लोक म्हणतात कच्चा राहिला.

ओव्हन नसेल तर तवा

उत्तर आयर्लंडमध्ये हाच गोळा तव्यावर भाजतात, त्यांच्या भाषेत ग्रिडलवर. पातळ थापून चार तुकडे करायचे, त्या चौथाईला ‘फार्ल’ म्हणतात. स्कॉट्स भाषेत त्या शब्दाचा अर्थच चौथा भाग. अल्स्टर फ्राय नावाच्या भरगच्च न्याहारीत अंडी-बेकनसोबत हे फार्ल त्याच तव्यावर तळून देतात.

भारतातल्या घरात मी कढईत मीठ घालून पाव भाजण्यापेक्षा हा प्रकार करा असंच सुचवेन. कढईत आच तेवढी चढत नाही, पाव फिकट आणि ओलसर निघतो.

मैदा २५० ग्रॅम, सोडा आणि मीठ प्रत्येकी अर्धा माप-चमचा, ताक २०० ते २२० मिलिलिटर. वरच्यासारखंच भिजवा. पिठीवर दीड सेंटिमीटर जाड, तव्यावर बसेल असं गोल थापा आणि फुलीत कापून चार तुकडे करा. बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा मंद ते मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवा. तेल नाही. चिमूटभर मैदा टाकून बघा: हळूहळू बदामी झाला तर आच बरोबर, लगेच काळा झाला तर जास्त. तुकडे जरा अंतर ठेवून मांडा आणि सात-आठ मिनिटं हलवू नका. उलटून पुन्हा तेवढीच. शेवटी चारही तुकडे एकमेकांना टेकवून कडेवर उभे करा आणि कापलेल्या कडा एकेक मिनिट शेकून घ्या. हे टाळलं तर कडेला कच्चं पीठ राहतं. फार्ल आडवा चिरून आत लोणी.

बिघडलं तर

साबणासारखी चव आणि आत पिवळसर रंग: सोडा जास्त किंवा ताक गोड. आचेने सोडा आपोआपही फुटतो आणि वायू सोडतो, पण मागे वॉशिंग सोड्याच्या जातीचा क्षार ठेवतो. त्याला मारायला आम्ल हवंच. जास्त फुगावा म्हणून सोडा वाढवणं हा सगळ्यात महाग पडणारा मोह. पाव जेमतेम फुगला असेल तर आधी ताकाचा आंबटपणा बघा, मग डबीचं वय, मग भिजवल्यापासून ओव्हनपर्यंत किती वेळ गेला ते. सोड्याला शेवटी हात लावा.

आत ओला, वर काळा: ओव्हन वरून जास्त तापला, किंवा फुली उथळ पडली, किंवा गोळा लाडूसारखा उंच ठेवला. दगड झाला: मळलात. याला दुसरं कारण मी अजून पाहिलेलं नाही. गोळा ट्रेवर पसरून पुरीसारखा सपाट झाला तर ताक जास्त झालं. तेव्हा पुन्हा पीठ घालून मळू नका, सरळ तूप लावलेल्या केकच्या डब्यात ओता आणि २०० अंशांवर ५० मिनिटं भाजा. तपकिरी पाव बरेच जण मुद्दामच असा सैल भिजवून डब्यात ओततात, त्यात हाताचा संबंधच येत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने तिथून सुरुवात करायलाही हरकत नाही.

मनुका, साखर आणि अमेरिका

सतरा मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, ‘आयरिश सोडा ब्रेड’ म्हणून समाजमाध्यमांवर जे फिरतं त्यात साखर, अंडी, लोणी, मनुका आणि कॅरवे (शहाजिऱ्यासारख्या बिया) असतात. तो अमेरिकेत वाढलेला प्रकार. चांगला लागतो, पण तो केक आहे. आयर्लंडमध्येही मनुकांचा सोडा ब्रेड होतो, त्याला ‘स्पॉटेड डॉग’ म्हणतात, ठिपक्यांचा कुत्रा. काही भागांत ‘रेल्वे केक’: मनुका इतक्या विरळ की प्रत्येक स्टेशनाला एक. वरच्या पांढऱ्या पावाच्या मापात १०० ग्रॅम मनुका, एक मोठा चमचा साखर आणि एक अंडं घाला. अंडं आधी मापाच्या भांड्यात फेटा आणि त्यावर ताक ओतून एकूण ३७५ मिलिलिटर करा, म्हणजे गोळा सैल होत नाही. साखरेने वरचा रंग लवकर येतो. दहा मिनिटांनीच आच उतरवा.

खाणं आणि उरलेलं

खारं लोणी, आणि त्यात कंजुषी नको. दातांच्या खुणा उमटतील एवढा जाड थर. घरचं पांढरं लोणी असेल तर त्यात चिमूटभर मीठ मिसळून घ्या. तपकिरी पावाबरोबर आयर्लंडमध्ये धूर दिलेला सामन मासा किंवा दाट सूप असतं, पांढऱ्याबरोबर जॅम. काउंटी कॉर्कमधल्या शानागॅरीला मर्टल अॅलन यांनी १९६४ मध्ये बॅलिमलू हाउस या आपल्या घरातच रेस्टॉरंट सुरू केलं, आणि असलं घरचं साधं अन्न पाहुण्यांपुढे ताठ मानेने ठेवलं. तिथल्या कुकरी स्कूलमध्ये, जे त्यांच्या सूनबाई डरीना अॅलन यांनी १९८३ मध्ये आपल्या भावासोबत सुरू केलं, आजही हा पाव शिकवतात.

हा पाव ज्या दिवशी केला त्याच दिवशीचा. यात तेल-तूप नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, आणि तेव्हा जाड काप करून तव्यावर किंवा टोस्टरमध्ये शेकायचा. जास्तीचा पाव गार झाल्यावर काप करून फ्रीझरमध्ये ठेवा, काढून थेट टोस्ट करा. महिनाभर चांगला राहतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे तो उघड्यापेक्षाही लवकर शिळा होतो.

तपकिरी पाव अगदीच वाळला तर त्याचा हाताने चुरा करा. १०० ग्रॅम चुऱ्याला ७५ ग्रॅम तपकिरी साखर मिसळून ट्रेवर पसरा आणि १८० अंशांवर, दर चार-पाच मिनिटांनी उलथत, साखर विरघळून चुरा चिक्कीच्या रंगाचा होईपर्यंत भाजा. पूर्ण गार करा, गुठळ्या मोडा आणि जरा मऊ झालेल्या व्हॅनिला आइस्क्रीममध्ये कालवून पुन्हा फ्रीझरमध्ये टाका. ब्राउन ब्रेड आइस्क्रीम तिकडे फार जुनं आहे. चुरा मात्र खाताना कुरकुरीत लागायला हवा असेल तर कालवल्यापासून एक-दोन दिवसांत संपवा.